भिजलेल्या वहीबद्दल

चि. पोरी,

तुझ्या वहीचा फोटो पाहिला. खडकवासल्याचं पाणी कागदावर काढायला बसलीस आणि वरूनच पाणी आलं. निळा रंग वाहत जाऊन भज्यांच्या तेलाच्या डागाला टेकला. खाली लिहिलंयस, "बाई, रविवार फुकट गेला. घरच्यांबरोबर गेलं की असंच होतं. एक चित्र धड होत नाही."

फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. तेल लागलंय तिथे कागदाने रंग धरलेला नाही, आणि नेमकं तिथेच ढगातून उजेड पडल्यासारखं झालंय. मेण लावून रंग अडवायचा कसा, हे मी तुम्हाला सातवीत अख्खा तास घेऊन शिकवलं होतं. तेच काम भज्यांनी करून दिलं तर दिवस फुकट गेला म्हणे!

तुझी चिडचिड कळत नाही असं नाही. पाच दिवस हिंजवडी, शनिवारी झोप, उरला रविवार; त्यावर आई-बाबा, आजी आणि भावाची गाडी. पण तुला जो निवांत, सलग, कुणीही हाक न मारणारा वेळ हवाय, तो मी एकदा घेऊन पाहिलाय. त्याची गोष्ट ऐक.

मुलं लहान होती तेव्हा आम्ही निघोजला गेलो होतो, शिरूरवरून आत. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे मला कधीचे काढायचे होते. पुराच्या पाण्यात दगडगोटे भोवऱ्यात सापडतात, एकाच जागी गरगर फिरत खडक कोरत खाली जातात. एक झिजून संपतो, तोवर दुसरा येऊन पडतो. काठावर उभं राहिलं की वाटतं, कुणीतरी नदीभर रांजण पुरून ठेवलेत आणि मग त्यांची तोंडं फोडलीत. मी बोर्ड, मोठा कागद, सगळा संसार घेऊन गेले होते. बसले ती तीन तास उठले नाही. कडा गुळगुळीत आणि खाली खोल, म्हणून नवरा दोन्ही मुलांना दंडाला धरून उभा. सासूबाई मळगंगेचं दर्शन घेऊन आल्या आणि डबा कधी सोडायचा याची वाट बघत बसल्या. आणि चित्र? भरताला भाजलेल्या वांग्यासारखं. काळं आणि खचलेलं. परतताना गाडीत कुणी बोलेना.

आता त्याच दुपारचं दुसरं. दगडात वाटीएवढी एक खळगी होती. धाकटीने त्यात खडा टाकला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि बोटाने ढवळायला लागली. बराच वेळ ढवळलं. मग पाणी उपसून, बोट बुडाला टेकवून, खळगी किती खोल झाली ते पाहिलं. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. शेवटी आजीला विचारलं, "अजून किती वेळ?" सासूबाई म्हणाल्या, "ढवळ, ढवळ. तुझी आई उठेपर्यंत होईल." तो खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.

मी हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि वांगं रंगवत बसले. रात्री ओटा आवरून झाल्यावर वाणसामानाच्या यादीच्या मागे तेवढंच काढलं: खळगी, ते बोट, आणि बाजूला आजीच्या नऊवारीचा काठ. पाचेक मिनिटं लागली असतील. मोठं चित्र कुठे गेलं, देव जाणे. यादी अजून माझ्याकडे आहे. उजेडात धरली की "तूरडाळ २ किलो" बोटाच्या आरपार दिसतं.

म्हणून म्हणते, घरच्यांबरोबर जाशील तेव्हा त्यांच्यातलीच एक म्हणून जा. चित्राला जागा मिळते ती खोळंब्यात. आणि खोळंबा कुटुंबाच्या सहलीत जितका, तितका कुठेच नाही.

भुलेश्वरला निघालो होतो तेव्हा यवतच्या अलीकडेच टायर बसला. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, पण त्याहून बघण्यासारखं दुकानात चाललं होतं. पंक्चरवाल्याने ट्यूबमध्ये हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात ती थोडी थोडी बुडवत फिरवायला लागला. दोन्ही मुलं उकिडवी बसून, श्वास रोखून. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली आणि "आला!" असा ओरडा झाला की रस्त्यावरचा ट्रकवाला वळून बघायला लागला. सासरे म्हणाले, "आणखी एक असणार," आणि निघालाही. मी दोघांच्या पाठी काढल्या, आणि मधे घमेलं. बुडबुडे काढायची गरजच पडली नाही.

या भानगडीत देवळात पोचायला संध्याकाळ झाली. भुलेश्वरच्या आतल्या वाटेवर दुपारीसुद्धा अंधार असतो, तेव्हा तर काही दिसेना. स्टेपनीसाठी बाहेर काढलेला टॉर्च मुलाच्या हातात राहिला होता. समोरून मारला तर भिंत सपाट दिसत होती. खेळता खेळता त्याने तो भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला, आणि नाका-हातांनी तुटलेल्या त्या सगळ्या मूर्ती एकदम भिंतीतून पुढे आल्या. टॉर्च हलला की सावल्या हलायच्या. पांढरा माठ टेबलावर ठेवून मी वर्षानुवर्षं छायाप्रकाश शिकवला. असा कधी शिकवता आला नाही. तिथे स्त्रीरूपातला गणपती कोरलेला आहे. सासऱ्यांनी तो शोधून वर बोट दाखवलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मोदक करणारीही हीच, खाणारीही हीच." त्या दिवशीच्या पानावर चित्र नाहीच, हे वाक्य आहे. तूही असं लिहून ठेवत जा, कोण काय म्हणालं ते. चेहरा नंतर आठवून काढता येतो. वाक्य मात्र गेलं की गेलं.

खडकवासल्यावरून आठवलं. तुमच्या गाडीतही धरण दिसलं की पानशेत निघतच असणार. १२ जुलै १९६१. आधी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. तुझी आजी तेव्हा फ्रॉकात असेल. सांगताना ती हात वर करून दाखवते ना, "एवढं पाणी"? तो हात काढ. आमच्या सासूबाईंचा हात दर पावसाळ्यात थोडा थोडा वर जायचा. माझ्याकडे तीन वर्षांची तीन चित्रं आहेत, तारखेसकट. पुण्यातला पूर कधीच ओसरला, आमच्या गाडीत तो चढतच होता. थट्टा नाही करत. ज्या मुलीने ते पाणी खालून पाहिलं, तिला ते तेवढंच उंच दिसलं असणार.

सामानाचं विचारलं होतंस. वही तळहाताएवढी घे. मोठी वही उघडली की घरचे गप्प होतात, केस सारखे करतात, पोझ देतात. छोटी वही काढली तर त्यांना वाटतं, पोरगी हिशेब लिहितेय. एक पेन, एक पेन्सिल, बास. पावसाळ्यात जलरंगाच्या भानगडीत पडू नकोस, हवेतच इतकं पाणी असतं की रंग वाळत नाही आणि तुला सगळ्यांना ताटकळत ठेवावं लागतं. त्यापेक्षा धरणावर कणीस भाजणाऱ्या मावशींकडून शेगडीतला एक कोळसा मागून घे. विझलेला हं. दुकानातल्या चारकोलसारखा तो मऊ चालत नाही, मधेच खरखरतो. धुक्यातल्या सिंहगडाला तीच खरखर शोभते.

आणि हळद. जेजुरीहून परतताना आम्ही सगळे भंडाऱ्याने पिवळे, माझ्या वहीचं पानही. मी झटकणार, तोच सासूबाईंनी पानाच्या डब्यातली चुन्याची डबी काढली, बोट ओलं केलं आणि चुना त्या पिवळ्यावरून ओढला. ओढलेली रेघ बघता बघता तांबडी झाली. "कुंकू असंच तर करतात," असं म्हणून त्यांनी बोट पदराला पुसलं आणि पान लावायला घेतलं. मी चित्रकलेची परीक्षा पास झालेली बाई, तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग परतीचा सगळा रस्ता आम्ही दोघी मागच्या सीटवर बोटांनी रंगवत होतो. आमच्यात त्याआधी फारसं सख्य नव्हतं, हेही सांगून ठेवते. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून असलं पान भिंतीवर लावायचं नाही, वहीतच मिटून ठेवायचं. आणि एखादा भंडारा चुना लावूनही पिवळाच राहिला, तर त्यात हळद किती आहे ते समजून घ्यायचं. दुकानदाराशी वाद घालत बसायचं नाही.

लोहगडावर माकडाने माझा खोडरबर नेला, चावून पाहिला आणि नापसंत करून दरीत टाकला. तेव्हापासून मी खोडरबर नेत नाही. तूही नेऊ नकोस.

कोळसा हातात आला म्हणून गडाच्या दगडावर चालवायचा नाही, हे तुला सांगायला नको. मूर्तीवर कागद ठेवून पेन्सिल घासायचा मोहही आवर. घासायची तर पिंपळाच्या पानावर घास, शिरा काय सुंदर उमटतात!

रोज एक चित्र काढलंच पाहिजे असं हल्ली सगळे सांगतात. मला नाही पटत. रोज दात घासावेत. चित्र तुला दिसलं तर काढ. नाही दिसलं तर डबे उचलायला मदत कर. रागावू नकोस, पण रविवार फुकट गेला म्हणताना, त्या पहाटे पाचला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या कुणी तळल्या, ते तुझ्या पत्रात कुठे नव्हतं. आईचं चित्र एकदा तरी सहल सुरू व्हायच्या आधी काढ, कढईसमोर, गाऊनवर, घड्याळाकडे बघताना. तीसुद्धा सहलच आहे, तिची तिथूनच सुरू होते.

पुढच्या रविवारी लोकलने मळवलीला जाताय म्हणालीस. भाज्याच्या लेण्यात एक बाई तबल्यासारखं जोडवाद्य वाजवताना कोरलेली आहे. तुझे बाबा शाळेच्या गॅदरिंगमध्ये तबल्याला बसायचे ना? त्यांना तिच्यासमोर उभं कर आणि ती बरोबर वाजवतेय का, एवढंच विचार. तोंडाने उत्तर द्यायच्या आधी त्यांचे हात हवेत येतील. पेन तयार ठेव.

भिजलेली वही उन्हात टाकू नकोस, इस्त्री तर अजिबात नको. पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घाल आणि वर पाटा ठेव. दोन पानं चिकटली असतील तर ओढू नकोस, तशीच घेऊन ये. शनिवारी चारनंतर मी घरीच असते. चुना आहे माझ्याकडे. कोळसा मात्र संपलाय, तेवढा आण.

तुझी,
बाई