अबुधाबी की मुंबई? अर्जातला एक अडलेला रकाना

‘चुकीच्या ठिकाणी अर्ज केला तर आमची केस बाद होईल का?’ हा प्रश्न जोडीदाराच्या अमेरिकी व्हिसाबद्दल परदेशात राहणारी मराठी जोडपी मला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका जोडप्याच्या हकिगतीतून सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

२०२४ च्या मे महिन्यात ते दोघे दुबईहून व्हिडिओ कॉलवर माझ्याशी बोलले. पत्नीचा जन्म न्यू जर्सीतला. ती सहा वर्षांची असताना वडिलांचे तिथले काम संपले आणि कुटुंब पुण्याला परतले. त्यामुळे पासपोर्ट अमेरिकेचा असला, तरी तिची शाळा, कॉलेज आणि मैत्रिणी साऱ्या पुण्यातल्या. पती सांगलीचा, भारतीय नागरिक, आठ वर्षे दुबईत अभियंता म्हणून नोकरी करणारा. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात त्यांचे लग्न झाले होते आणि आता अमेरिकेला जायचे ठरत होते. अर्ज कुठे करायचा यावर मात्र दोन्ही घरांत जितकी माणसे तितकी मते होती. तिचे मामा म्हणत होते, की त्यांच्या वेळी अर्ज थेट भारतातच दिला होता आणि काम झटपट झाले होते. सासूबाईंचा आग्रह मुंबईचा होता, कारण ‘आपल्या गावात आपले कुणीतरी असते’. पतीच्या एका मित्राने तर टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच कागद भरण्याचा सल्ला दिला होता.

मी वकील नाही, हे त्यांना आधीच सांगितले. परंतु या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत, एवढे मला दिसत होते. पहिला प्रश्न पिटिशनचा, म्हणजे जोडीदाराला अमेरिकेत नेण्यासाठी भरायच्या आय-१३० या अर्जाचा. पत्नी अमेरिकी नागरिक असल्यामुळे तो तिने भरायचा आणि तो यूएससीआयएस या अमेरिकी स्थलांतर खात्याकडेच जातो, मग ती दुबईत राहो वा दापोलीत. तो ऑनलाइन भरता येतो किंवा टपालाने अमेरिकेला पाठवता येतो. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन शुल्क ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाचे ६७५ डॉलर झाले होते. मामांची आठवण खोटी नव्हती. २०२० च्या जानेवारीअखेरपर्यंत परदेशात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांना अनेक देशांत स्थानिक यूएससीआयएस कार्यालयात किंवा वकिलातीत हा अर्ज देता येत असे. त्यानंतर ती वाट वैद्यकीय आणीबाणीसारख्या अपवादात्मक परिस्थितीपुरतीच उरली.

दुसरा प्रश्न मुलाखतीच्या जागेचा, आणि त्यांचे घोडे तिथेच अडले होते. आय-१३० मध्ये एक रकाना असतो, ज्यात जोडीदार कोणत्या शहरातल्या वकिलातीत व्हिसासाठी जाणार ते लिहायचे असते. अबुधाबी, म्हणजे राहत्या अमिरातीतली वकिलात, लिहावी की मुंबई, या विचारात ते अकरा दिवस अर्ज उघडून बसत आणि तसाच बंद करत होते. मी त्यांना सांगितले, की या रकान्यामुळे पिटिशन बाद होत नाही. मंजुरीनंतर केस मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि सबळ कारण असेल तर तिथे लेखी विनंती करून मुलाखतीची जागा बदलून मागता येते. मात्र निवडलेल्या देशाशी अर्जदाराचे खरे नाते हवे: एकतर तो तिथे वैध रहिवासी असावा किंवा तिथला नागरिक असावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर हा नियम अधिक काटेकोर झाला आहे. या पतीला दोन्ही दारे उघडी होती.

माझा कल अशा वेळी राहत्या देशाकडे असतो. वैद्यकीय तपासणी मुलाखतीच्या देशातच, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे करावी लागते, मुलाखतीनंतर पासपोर्ट काही दिवस वकिलातीत राहतो आणि नोकरदार माणसाला या सगळ्यासाठी भारतात किती दिवस थांबावे लागेल याचा नेम नसतो. उलट बाजू अशी, की अमिरातीतला रहिवास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की काही महिन्यांत तोही संपतो. पण भारतीय नागरिकत्व कुठे जात नाही, म्हणून अबुधाबी हातचे गेले तरी मुंबई उरतेच. मुंबईला कागद कमी लागतात ही समजूतही ऐकीव निघाली: पोलिस क्लिअरन्स दोन्ही देशांचा लागणारच होता आणि पतीच्या मराठी जन्मदाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही चुकणार नव्हते. दुबईचा पोलिस दाखला मात्र एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथले रहिवासी ओळखपत्र, हातात असतानाच काढून ठेवा, असे मी बजावले. मित्राच्या सल्ल्यावर चर्चाही करू दिली नाही. कायम राहण्याच्या हेतूने जाताना ‘फिरायला आलो’ असे अधिकाऱ्याला सांगणे ही खोटी माहिती ठरते आणि तेवढ्यावरून अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

एवढ्यावर हे संभाषण संपले असते, पण आय-८६४ या आर्थिक हमीपत्राचा विषय निघाला. स्पॉन्सर असलेल्या पत्नीचे वास्तव्य अमेरिकेत हवे, किंवा पती तिथे पोहोचेपर्यंत आपणही तिथे स्थायिक होणार आहोत हे तिने पुराव्यानिशी दाखवावे लागते. तिथे गेल्यावर दुबईचा पगार थांबणार, म्हणून तो उत्पन्नात धरला जात नाही. त्यासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनमधला तिचा मामेभाऊ जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सह-हमीदार, व्हायला तयार झाला. त्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ठरलेल्या आकड्याच्या १२५ टक्के तरी असणे आवश्यक होते आणि ते होते. मग कळले, की तिने अमेरिकेचे टॅक्स रिटर्न कधीच भरले नव्हते. परदेशात राहणाऱ्या नागरिकालाही ते भरावे लागते हे तिला ठाऊकच नव्हते. अजाणतेपणी राहून गेलेल्यांसाठी तीन वर्षांची रिटर्न आणि सहा वर्षांच्या परदेशी बँक खात्यांचे अहवाल देऊन नियमित होण्याची सोय आहे. त्यासाठी मी त्यांना करसल्लागाराकडे पाठवले.

ती मात्र तोवर गप्प झाली होती. मग म्हणाली, “ताई, मला तिथे राहायचे आहे असे दाखवायचे, की खरेच राहायचे?”

पतीने तिच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्याने तिला लग्नाआधीही विचारला नव्हता आणि नंतरही नाही. पासपोर्ट आहे म्हणजे इच्छा असणारच, हे त्याने गृहीत धरले होते. तिचे वडील पुण्यात एकटे राहत होते आणि तिच्या लेखी तो पासपोर्ट कपाटातला एक कागद होता. पुढची तीन सत्रे आम्ही याच विषयावर घालवली. रकान्याची घाई मी मुद्दाम होऊ दिली नाही, कारण अबुधाबी की मुंबई हा वाद खरे तर जायचे की नाही हे न बोलण्याची सोय झाला होता. शेवटी तिने स्वतःच अट घातली: आपल्या लेखापालाच्या कामाची संधी तिथे आहे का हे ती आधी पाहील, आणि दर वर्षी महिनाभर वडिलांकडे राहील. पतीने ती मान्य केली.

जुलैमध्ये अर्ज गेला, रकान्यात अबुधाबी लिहून. मंजुरीला वर्षाहून अधिक काळ लागला, त्याचा एक फायदा झाला. अमेरिकेत प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण नसतील तर दोन वर्षांचेच सशर्त ग्रीन कार्ड मिळते आणि पुढे अटी काढून घेण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. त्यांच्यावर ती वेळ येणार नाही.

केस क्रमांक आल्यावर तिने तो मला कळवला, सोबत न्यू जर्सीतल्या एका लेखा कार्यालयाने पाठवलेले बोलावणेही जोडले. खाली पतीने एक ओळ लिहिली होती: “मॅडम, माझ्याआधी हिचीच मुलाखत होणार असे दिसते.”