मॉरिशसचा गणपती, डोडो आणि ऊस

प्रश्न : ताई, माझा भाचा नोकरीला मॉरिशसला गेलाय. तो म्हणतो तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, पिढ्यानपिढ्या मराठी घरं आहेत. आपण इथे गायकवाडांच्या मागोमाग आलो, ते तिकडे कसे पोचले? आणि डोडो इंग्रजांनी संपवला हे खरं का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : काका, सुट्टीचं अगदी खरं आहे. पण आधी डोडोचं सांगते, त्यात इंग्रजांचा हात नाही, ते आले 1810 मध्ये आणि डोडो त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीच संपला होता. डच लोक 1598 ला उतरले, त्यांच्या जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली आणि डोडो बिचारा जमिनीवर अंडी घालणारा, उडता न येणारा पक्षी, कसा टिकणार! आबनुसाची जंगलं तोडायलाही डचांनीच सुरुवात केली, मग फ्रेंच आले आणि इंग्रजांच्या काळात तर जिकडेतिकडे ऊसच ऊस झाला.

आपली माणसं तिथे पोचली ती या उसामुळेच. 1835 ला गुलामगिरी बंद होणार होती, मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून 1834 पासूनच भारतातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, माणसं न्यायला लागले, पुढच्या ऐंशीएक वर्षांत साधारण साडेचार लाख. बिहारकडचे सगळ्यात जास्त, तमिळ-तेलुगूही खूप, आणि मुंबई बंदरातून कोकण, सातारा, कोल्हापूरकडचे आपले. बडोद्याला आलेल्यांना इथे दरबारात, फौजेत मान मिळाला, तिकडे गेलेल्यांच्या वाट्याला करार आणि उसाची तोडणी आली, आणि तरी त्यांनी गणपती सोडला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. घरात बोलणं आता बहुतेक क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, पण शाळेत मराठी शिकता येतं. पोर्ट लुईला ही माणसं जिथे उतरायची तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे, भाच्याला तिथे नक्की जायला सांगा.

आणि पक्ष्यांची आवड असेल तर तिथला केस्ट्रेल, म्हणजे छोटा ससाणा, बघायला सांगा. 1974 मध्ये रानात फक्त 4 उरले होते, जंगल गेलं, त्यात डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी, पण लोकांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत आणला. तिथला हिरवा एको पोपटही असाच वाचवलाय. आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत दिसतो तो नेहमीचा पोपट माणसांनी तिकडे नेला आणि तो तिथे रानात पसरला, आता झाडाच्या ढोलीसाठी दोघांची भांडणं चालतात.