आरोग्य संशोधनाच्या नव्या नोकरीत साथ देणारे वरिष्ठ कसे ओळखावेत? वाढ होते का?

तुम्ही लिहिलंय की नर्सिंग झालंय, लातूरहून संभाजीनगरला एका संशोधन प्रकल्पात रुजू होताय, करार अकरा महिन्यांचा आहे, वरिष्ठ कसे निघतील याची धास्ती आहे. गोड बोलणाऱ्या सरांवर भाळू नका, एवढं आधी सांगते. मी भाळले होते.

२०१६ची गोष्ट. एमएसडब्ल्यू करून पहिलीच नोकरी, केज-धारूरकडच्या गावांत रक्तदाबाचा सर्व्हे. आमचे सर इतके चांगले की विचारू नका. कधी आवाज चढवला नाही, सुट्टी मागितली की हो, दिवाळीला प्रत्येकाला चिवड्याचा पुडा. घरी आईला मी त्यांचं कौतुक सांगायचे.

कार्यालयातून घरांची यादी यायची आणि त्याच घरात जायचं. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, तरी कुणी नाही भेटलं तर ‘घर बंद’ लिहायचं. शेजारचं घर घ्यायचं नाही. प्रशिक्षणात हे सरांनीच सांगितलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी मी एका वस्तीवर गेले तर यादीतली चार घरं ओळीनं बंद. एकाच्या कडीला कुलूपसुद्धा नव्हतं, नुसती सुतळी बांधलेली. ओट्यावरच्या गार चुलीत मांजर झोपलं होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, “दसरा झाला की गेल्यात समदे कारखान्याला. टोळी औंदा कर्नाटकात हाय. आता पाडव्यालाच येतील.”

सरांना फोन केला. दिवसाला बारा फॉर्मचं टार्गेट होतं, माझे पाच झाले होते. सर हसून म्हणाले, “शेजारचं घर घ्या की ताई, बीपी काय सगळ्यांना सारखंच.” फोनवरच. लिहून कधीच काही द्यायचे नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी ‘घर बंद’ लिहीत राहिले. बाकीच्यांचे बारा बारा होत होते. आमच्यात माझा एक लांबचा मावसभाऊ होता, तो झेडपी शाळेच्या लिंबाखाली बसून दोन तासांत दिवस मिटवायचा. त्याचे आकडे १२०/८०, १३०/८०, ११०/७०. आमचं मशीन डिजिटल, ते १२७/८३ असलं काहीतरी दाखवतं. शेवटी शून्य यायचं ते दहात एखाद्या वेळी.

जानेवारीत आकडेवारी बघणाऱ्या मॅडम आल्या. फॉर्मच्या गठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “एवढी शून्यं कुठून आली?” मग माझ्याकडे वळल्या, “आणि तुमची सतरा घरं बंद कशी?” मला वाटलं, गेली नोकरी. मी म्हातारीचं सांगितलं. त्यांनी मला जीपमध्ये बसवलं आणि थेट त्या वस्तीवर नेलं. सुतळी तशीच होती. परत येताना त्यांनी प्रकल्पप्रमुखांना माझ्यासमोर फोन लावला: “यादी काढताना ऊसतोडीचा हंगाम आपण धरला नाही, चूक कार्यालयाची आहे, मुलांची नाही. पाडव्यानंतर दुसरी फेरी लागेल.”

साथ देणं म्हणजे काय ते मला त्या जीपमध्ये कळलं. मॅडम बोलायला खडूस होत्या. आकडा चुकला तर चारचौघांत बोलायच्या. पण वर बोलायची वेळ आली तेव्हा चूक आपल्या अंगावर घेतली.

दुसरी फेरी एप्रिलमध्ये झाली. सुतळीच्या घरातली बाई भेटली. तिशीची, गर्भाशय काढलेलं. फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता, मी समासात लिहिलं. मॅडमनी ते खोडलं नाही. पुढे २०१९ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आमच्या सर्व्हेचा त्यात काडीचा वाटा नाही. पण शेजारचं घर घेतलं की नेमक्या याच बायका कागदावरून पुसल्या जातात.

तर पहिल्याच आठवड्यात विचारा: “घर बंद असेल, किंवा पेशंट आलाच नाही, तर काय लिहायचं?” उत्तर “बघून घ्या” असं आलं तर समजून जा. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून मागा. चुकलेला आकडा एक आडवी रेघ मारून, सही-तारीख टाकून दुरुस्त करतात. व्हाइटनर पुढे करणारा सुपरवायझर असेल तर सावध राहा.

वाढीचं म्हणाल, तर ती हुद्द्यानं हळू होते. मी आता समन्वयक आहे, पण मधे दोनदा करार संपून चार-चार महिने घरी बसले. अनुभवपत्र प्रकल्प चालू असतानाच घ्या, नंतर कार्यालयालाच कुलूप लागतं. नुसता डेटा गोळा केला म्हणून शोधनिबंधात लेखक म्हणून नाव लागत नाही, नियतकालिकांचे तसे निकष आहेत. नाव हवं असेल तर विश्लेषणात, लिखाणात शिरा. आकड्यांचा गोषवारा काढायचं एक्सेलमधलं पिव्हट टेबल मला मॅडमनी शिकवलं, तेही रविवारी.

हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चाचण्या मी केलेल्या नाहीत. तिथं कंपनीचा मॉनिटर येऊन कागद तपासतो, त्यामुळे हे सगळं तिथं जसंच्या तसं लागू होईल असं नाही. आणि सरांवरही वरून फॉर्मच्या संख्येचा तगादा होता, हे खरंच. प्रवासभत्ता मात्र त्यांनी माझा एकटीचाच दोन महिने अडवला.

हे सगळं आज लिहायला बसले कारण मागच्या महिन्यात एका लग्नात तोच मावसभाऊ भेटला. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, “सर कधी वरडले का आपल्याला? तूच त्यांना अडचणीत आणलंस. असले सर्व्हे वाचतंय कोण?” मला सांगायचं होतं, शेजारी बार्शीला १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या जिवावर ती उभी राहिली आणि आजही तिचे आकडे घेतले जातात. पण वरण वाढणारा मधे आला आणि माझं बोलणं राहून गेलं.

दादा, तू हे वाचशीलच. त्या दिवशी जीप तुझ्या यादीतल्या शेवटच्या घरापाशीही थांबली होती. तुझ्या फॉर्मवर तिथं तिघांचं बीपी होतं. कडीला सुतळीच होती.