गोल्फ मैदानाचे गणित

प्रश्न : मुळशी तालुक्यात आम्हा भावंडांची 110 एकर सलग जमीन आहे. तेथे 18 होलचे गोल्फ मैदान उभारता येईल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अशा मैदानास साधारणतः 100 ते 150 एकर लागत असल्याने तुमचे क्षेत्र बेताचेच आहे. प्रथम सातबाऱ्यावरील प्रत्येक गटाचा भोगवटा (जमीन कोणत्या वर्गात धारण केली आहे ते) पाहावा आणि झोन दाखला (आराखड्यात ती कोणत्या वापरासाठी दाखवली आहे याचा दाखला) काढावा; वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली, जमीन निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून काहीही हलणार नाही. खरी कसोटी मात्र पाण्याची आहे. उन्हाळ्यात हिरवळ रोज लाखो लिटर पाणी पिते आणि ते बोअरवेलमधून उपसू लागल्यास शेजारच्या विहिरी आटल्याची तक्रार ग्रामसभेत येणारच (आणि ती रास्तच असेल), म्हणून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची सोय आधी पक्की करावी. माती भरणे व गवत लावणे पावसाळ्याच्या तोंडावर काढू नये. मुळे धरण्याआधीच मुळशीचा पाऊस सारे ओढ्याला नेतो.