डिप्लोमा आणि वाळूजचा सात वर्षांचा अनुभव: जर्मनीसाठी नेमका कोणता व्हिसा?

तुमच्या प्रश्नावरून मला कळले ते असे. तुमचे वय ३१ आहे, एमएसबीटीईचा (राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा) मेकॅनिकल डिप्लोमा आहे आणि संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि डाय बनवणाऱ्या विभागात, सात वर्षे झाली आहेत. त्यांपैकी पहिली चार वर्षे ठेकेदारामार्फत आणि शेवटची तीन कंपनीच्या रोलवर गेली. जर्मन भाषा अद्याप येत नाही. शहरातला एक एजंट साडेचार लाख रुपयांत ‘जर्मनीचे वर्क परमिट’ काढून देतो म्हणतो, तर कोणता मार्ग धरावा आणि एजंटाशिवाय हे जमेल काय, असे तुम्ही विचारले आहे.

जमते. मी स्वतः औसा तालुक्यातला आहे. तुमच्यासारखाच डिप्लोमा करून वाळूजला सहा वर्षे काढली आणि २०२४ च्या अखेरीस श्टुटगार्टजवळच्या, साचे बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात रुजू झालो. माझे पहिले वर्ष चुकीच्या दिशेने गेले, कारण मी ‘कोणता देश’ इथून सुरुवात केली होती. आपल्या हातातले कागद काय सिद्ध करतात हे आधी पाहिले असते, तर देश आणि व्हिसा दोन्ही आपोआप ठरले असते.

इतर देशांचे थोडक्यात सांगतो, म्हणजे मन तिकडे ओढ घेणार नाही. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या बरोबरीला नेली आणि पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड केली, त्यामुळे टूलमेकरला तो दरवाजा जवळजवळ बंद आहे. कॅनडाच्या फेडरल स्किल्ड ट्रेड्स या मार्गाला तिथली नोकरीची ऑफर किंवा तिथल्या प्रांताचे कारागिरीचे प्रमाणपत्र लागते, आणि दोन्ही इथून मिळवणे कठीण. ऑस्ट्रेलियाचा पर्याय मात्र खरा आहे. तिथे किमान ६५ गुण लागतात आणि २५ ते ३२ या वयोगटाला त्यांतले ३० गुण मिळतात, पण कारागिरीची परीक्षा आणि इंग्रजीची परीक्षा अशा दोन्ही पायऱ्या खर्चिक आहेत. तुमचे इंग्रजी चांगले असेल, तर वयाची तेहेतिशी गाठण्यापूर्वी तो विचार जरूर करावा.

आता जर्मनी. तिथला ‘ब्ल्यू कार्ड’ हा कामाचा परवाना मुख्यतः पदवीधरांसाठी आहे. संगणक क्षेत्रातल्या अनुभवी लोकांना त्यात सवलत आहे, यांत्रिकी क्षेत्राला नाही. तेव्हा तुमच्या डिप्लोमावर त्याच्या नादी लागू नका. तुमच्यासाठी तीन वाटा उरतात. पहिली म्हणजे तुमच्या शिक्षणाला जर्मन व्यवसायाच्या बरोबरीची मान्यता मिळवून जाणे. हे काम न्यूरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था पाहते. दुसरी वाट १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘चान्सनकार्टे’ या गुणांवर आधारित कार्डाची आहे. त्यावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते. तिसरी वाट मार्च २०२४ पासून रुंद झाली आणि मी तिनेच आलो. तिच्यात जर्मन मान्यतेची अटच नाही. आपल्या देशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव आणि ठरावीक पगाराची नोकरी एवढे असले की पुरते. मी आलो तेव्हा ही पगाराची मर्यादा वर्षाला ४०,७७० युरो होती. २०२५ साठी ती ४३,४७० झाली आणि २०२६ साठी ४५,६३०. ती दर जानेवारीला बदलते, म्हणून जुना आकडा धरून करारावर सही करू नका. मालक कामगार संघटनेशी झालेल्या वेतनकराराने बांधलेला असेल, तर त्या कराराप्रमाणे मिळणारा पगार या मर्यादेपेक्षा कमी असला तरी चालतो. या आकड्यांतून कर, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा मिळून साधारण एक-तृतीयांश रक्कम कापली जाते, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

‘किमान दोन वर्षे’ या शब्दांवर थोडे थांबतो, कारण आपल्याकडची बरीच मुले तिथेच अडतात. आयटीआयचा फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय मेकर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे आहेत. माझा चुलतभाऊ वेल्डर आहे आणि माझ्यापेक्षा त्याचा हात कितीतरी सरस आहे, तरी या वाटेने तो येऊ शकत नाही. तुमचा डिप्लोमा तीन वर्षांचा आणि शासनमान्य असल्याने तुम्हाला ही अडचण नाही. तो शासनमान्य असल्याचा दाखला मात्र बॉनच्या झेडएबी या कार्यालयाकडून ऑनलाइन अर्ज करून घ्यावा लागतो. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे विद्यार्थीही मला विचारतात. नावात ‘जर्मन’ असले तरी मान्यता आपोआप मिळत नाही, तिथल्या प्रमाणपत्रालाही हीच प्रक्रिया लागते.

आता तुमच्या प्रकरणातली खरी गाठ. तुमची पहिली चार वर्षे ठेकेदाराकडची आहेत. वाळूजमध्ये काम केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. अकरा महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा तेच यंत्र आणि तीच शिफ्ट. त्यात माझ्या पगारपत्रकावर ‘हेल्पर – अकुशल’ असे छापलेले असे, कारण त्या वर्गाचे किमान वेतन कमी पडते. प्रत्यक्षात मी वायरकट, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणारे यंत्र, चालवत होतो. जर्मन कार्यालयातला अधिकारी वाळूज ओळखत नाही, तो कागद वाचतो, आणि त्या कागदानुसार मी चार वर्षे झाडू मारत होतो असेच त्याला दिसणार.

म्हणून कोणती वाट धरायची, हा प्रश्न तुमच्या बाबतीत कोणती वर्षे सिद्ध करता येतात यावर येऊन ठेपतो. तिसऱ्या वाटेला गेल्या पाचांतली दोनच वर्षे लागतात आणि ती तुमच्या रोलवरच्या तीन वर्षांतून सहज निघतात. ठेकेदाराच्या पायऱ्या झिजवण्याची गरजच पडत नाही. चान्सनकार्टेचे तसे नाही. तिथे सहा गुण हवेत. ३५ वर्षांपर्यंतच्या वयाला दोन, गेल्या सात वर्षांतल्या पाच वर्षांच्या अनुभवाला तीन आणि जर्मनच्या ए-टू (प्राथमिक) पातळीला एक, असे तुमचे बरोबर सहा होतात, पण त्यांतले अनुभवाचे तीन गुण ठेकेदाराच्या वर्षांवर उभे आहेत. ती वर्षे अमान्य झाली, तर पाचांतल्या दोन वर्षांचे दोनच गुण मिळतील आणि तूट भरून काढायला जर्मन पुढच्या बी-वन पातळीपर्यंत न्यावी लागेल. शिवाय या कार्डासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो होती. आपल्या रुपयांत हे बारा-तेरा लाखांच्या घरात जाते. एवढी रक्कम उभी करण्यासाठी कुणी जमीन गहाण टाकणार असेल, तर मी त्याला हे कार्ड सुचवणार नाही, कारण त्यावर पूर्णवेळ नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला वीसच तास काम करता येते आणि नोकरीची हमी कुणीही देत नाही.

तर आधी अनुभवपत्र मिळवा, आणि ते कसे असावे याकडे बारकाईने पाहा. मला पहिल्यांदा मिळालेले पत्र तीन ओळींचे होते. अमुक हे अमुक तारखेपासून आमच्याकडे कार्यरत होते, त्यांची वर्तणूक चांगली होती, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा. आपल्याकडची बहुतेक पत्रे अशीच असतात आणि त्यांतून जर्मन मालकाला किंवा अधिकाऱ्याला काहीही कळत नाही. मी टूलरूमच्या इनचार्ज साहेबांकडे एका रविवारी वही घेऊन बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून कामाची यादी लिहिली. वायरकट, ईडीएम (विजेच्या ठिणगीने धातू कोरणारे यंत्र) आणि सरफेस ग्राइंडर कोणत्या बनावटीचे, कोणत्या आकारापर्यंतच्या डाय बनवल्या, किती मायक्रॉनपर्यंतचे माप धरले, ट्रायलनंतरची दुरुस्ती कोण करत असे, हाताखाली किती जण होते, आठवड्याचे तास किती. हेच पुढे लेटरहेडवर, पदनाम, तारखा, सही, शिक्का आणि दूरध्वनी क्रमांकासह आले. दीड पानाचे ते पत्र पाहूनच माझ्या आजच्या मालकाने मुलाखतीला बोलावले. मुलाखतीतला निम्मा वेळ त्या पत्रातल्या एका प्रोग्रेसिव्ह डायवरच बोलण्यात गेला. ठेकेदाराची वर्षे जोडायचीच असतील, तर पीएफचे पासबुक महिनावार नोंदींसह काढून घ्या आणि कंपनीकडून ‘ही व्यक्ती अमुक ठेकेदारामार्फत आमच्या टूलरूममध्ये अमुक काम करत होती’ असे एक वाक्य तरी त्याच पत्रात लिहून घ्या. माझ्या ठेकेदाराने पत्र देण्याचे साफ नाकारले होते, तेव्हा हे एक वाक्यच कामी आले.

नावांची भानगडही वेळीच निस्तरावी. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे आणि वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे, तर आधार आणि पासपोर्टवर तो ‘राव’ गायब आहे. आपल्याकडे हे इतके नेहमीचे आहे की कुणाच्या लक्षातही येत नाही, परंतु परदेशी कार्यालयाला ती दोन वेगळी माणसे वाटू शकतात. अर्जापूर्वीच प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद करून ठेवलेली बरी. तसेच तुमच्या डिप्लोमावर ‘औरंगाबाद’ असेल आणि अनुभवपत्रावर ‘छत्रपती संभाजीनगर’. हे एकच शहर असून २०२३ मध्ये त्याचे नाव बदलले, अशी एक ओळ मी अर्जासोबतच्या पत्रात लिहिली होती.

भाषेविषयी तुम्ही काही विचारले नाही, पण खरी मेहनत तिथेच आहे. तिसऱ्या वाटेला कायद्याने भाषेची पातळी ठरवलेली नाही, तरीही टूलरूममध्ये इंग्रजीवर निभावत नाही, कारण ड्रॉइंगवरच्या सूचना आणि फोरमनचे बोलणे दोन्ही जर्मनमध्ये असते. ए-टू हातात घेऊनच अर्ज पाठवायला लागा. परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. जागा लवकर भरतात, म्हणून अभ्यास संपण्याची वाट न पाहता तारीख आधी पकडावी. मी रात्रपाळी करून सकाळी ऑनलाइन वर्गाला बसत असे आणि ए-टूपर्यंत पोचायला मला दहा महिने लागले. कुणी तीन महिन्यांत बी-वन म्हणत असेल, तर दिवसभर मोकळ्या विद्यार्थ्याला ते जमत असेलही, शिफ्टवाल्याला नाही.

नोकरी शोधण्यासाठी जर्मन सरकारचे ‘मेक इट इन जर्मनी’ हे संकेतस्थळ आणि तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची जाहिरातसूची पुरेशी आहे, आणि दोन्ही फुकट आहेत. मी मोठ्या नावांच्या मागे लागलो नाही. पन्नास ते दोनशे माणसांच्या कारखान्यांना जर्मनमध्ये लिहिलेला एक पानाचा अर्ज पाठवत गेलो. शंभराच्या वर अर्ज झाले आणि चार मुलाखती आल्या. मालक राजी झाला की त्याला ‘जलदगती प्रक्रिये’विषयी सांगा. तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून तुमची पूर्वमंजुरी काढतो आणि मग आपल्या बाजूचे काम बरेच हलके होते. लहान कारखान्यांना ही सोय बहुधा माहीत नसते. माझ्या मालकाला मीच ती सांगितली. व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि त्याचे शुल्क ७५ युरो आहे.

या वाटेची एक उणीवही माहीत असावी. मान्यता घेऊन आलेल्या कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. अनुभवाच्या आधारे आलेल्याला सर्वसाधारण नियमाप्रमाणे पाच वर्षे थांबावे लागते. म्हणून मी इथे आल्यावर आयएचके फोसाकडे अर्ज केला आहे. प्रथम आंशिक मान्यता मिळाली आणि उरलेले विषय कारखान्यातच पुरे करत आहे.

राहिला एजंट. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेऊ शकतो. पावती देणे त्याला बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक खरा आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत पाहता येते. मी हे न पाहताच शहरातल्या एका एजंटाला १ लाख ८० हजार दिले होते आणि बदल्यात पोलंडमधल्या एका गोदामाचे ऑफर लेटर मिळाले, ज्यावरचा दूरध्वनी कधीच लागला नाही. त्यांतले ४० हजार परत मिळवायला दोन वर्षे गेली. तुमच्या एजंटाला आधी नोंदणी क्रमांक विचारा, आणि ‘वर्क परमिट’ म्हणजे नेमक्या कोणत्या कलमाखालचा व्हिसा, कोणत्या कारखान्यात आणि किती पगारावर, हे लेखी मागा. त्याने वेळ मागितला, तर तोवर तुम्ही टूलरूमच्या इनचार्जकडे वही घेऊन बसा.