इतके सोपे कसे असेल?

"विषय येतो हो, पण दोन पर्याय उरले की नेमका चुकीचा निवडला जातो," ही परीक्षेविषयीची तक्रार समुपदेशक म्हणून मी सॉफ्टवेअर क्षेत्रातील मंडळींकडून इतक्यांदा ऐकली आहे की, त्या सगळ्यांच्या वतीने एकीची हकीकत सांगते. नाव व तपशील अर्थातच बदलले आहेत.

मेघना नऊ वर्षे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करत होत्या. ओरॅकल कंपनीच्या जावा १७ या आवृत्तीवरील प्रमाणपत्र परीक्षेत ५० बहुपर्यायी प्रश्न, ९० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६८ टक्के, म्हणजे ३४ उत्तरे बरोबर हवीत. त्या दोनदा थोडक्यात हुकल्या होत्या, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन मुले मात्र पहिल्याच फेरीत पार झाली होती.

मला जावातले ओ की ठो कळत नाही, आणि या प्रकरणात तेच उपयोगी पडले. सरावात चुकलेले प्रश्न मला मोठ्याने वाचून समजावून सांगा, असे मी त्यांना सुचवले. पहिलाच प्रश्न तीन ओळींचा होता : एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत, 'पुणे' ठेवले आहे, दुसऱ्या ओळीत कॉन्कॅट ही जोडणारी आज्ञा वापरून तिला 'शहर' जोडले आहे, तिसऱ्या ओळीत ती छापली आहे, तर काय छापले जाईल?

"'पुणे'," त्या क्षणात म्हणाल्या. "स्ट्रिंग बदलत नसते. कॉन्कॅट नवी स्ट्रिंग देतं, पण ती इथे कशातच ठेवून घेतलेली नाही."

"मग तुम्ही काय निवडलं होतंत?"

"कंपाइल होणार नाही, हे. इतकं सोपं कसं असेल, मॅडम? काहीतरी पेरलेलं असणार, असं वाटलं."

"कंपायलरलाही असं वाटतं का?"

कंपायलर म्हणजे कोड तपासून तो चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम. मी हे खरोखरच अज्ञानातून विचारले होते. त्या हसल्या, आणि मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. "नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "तो फक्त ओळ वाचतो. मी प्रश्न काढणाऱ्याचं मन वाचत बसले होते."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि ते समुपदेशकाच्या शहाणपणातून येतात असा माझा दावा नाही. तरी तो प्रश्न आपल्या तोंडून गेला याचे मला आजही बरे वाटते. कार्यालयात चुकीच्या ओळीखाली लगेच लाल रेघ उमटते. परीक्षेत ती रेघ नसते, आणि तिची जागा संशय घेतो. हा संशय मेघनांना प्रश्नाविषयी नव्हता, स्वतःविषयी होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या, 'हवे'चे 'हवेच' झाले की त्रास सुरू होतो असे सांगणाऱ्या विचारसरणीत मी घडले आहे, त्यामुळे माझे कान वाक्यातल्या 'च'कडे असतात. "नऊ वर्षांनंतर मला हे आलंच पाहिजे" या वाक्यातून तेवढा 'च' काढून पाहा. इच्छा उरते, धमकी जाते.

याचा अर्थ प्रश्न सरळ असतात असा नाही. मेघनांनीच मला दाखवले की दोन इंटिजर, म्हणजे पूर्णांक साठवणाऱ्या, वस्तूंमध्ये थेट १२७ लिहून दुहेरी बरोबर चिन्हाने तुलना केली तर उत्तर होकारार्थी येते, आणि १२८ लिहिले की नकारार्थी, कारण ते चिन्ह दोन्हीकडे तीच वस्तू आहे का एवढेच पाहते, आणि उणे १२८ ते १२७ एवढ्याच संख्यांच्या तयार वस्तू जावा हाताशी ठेवते. इथे खाच आहे, पण ती ओळीत आहे, ज्ञानाने सापडणारी आहे. म्हणून क्रम ठरवला : पर्यायांकडे न पाहता आधी कोड कंपाइल होईल का ते तपासायचे, मग चलांच्या किमती ओळीओळीने मांडायच्या आणि आपले उत्तर ठरल्यावरच पर्याय वाचायचे. एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. ती संपत आली की खूण करून पुढे जायचे. चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापत नाहीत, तेव्हा कोरे काही सोडायचे नाही.

"मग पहिलं उत्तर कधी बदलायचंच नाही का?" हा प्रश्नही नेहमीचा. तो समज चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली, तेव्हा सुमारे निम्मे बदल चुकीकडून बरोबरकडे आणि केवळ पाव बदल उलट दिशेने गेलेले आढळले. मी मेघनांना प्रत्येक बदलासमोर कारण लिहायला लावले. तीन आठवड्यांनी वही उघडली, तेव्हा 'ओळ पुन्हा वाचली' या कारणाने केलेले बदल बहुतेक फळले होते आणि 'इतके सोपे कसे असेल' या कारणाने केलेले जवळजवळ सगळे बुडाले होते. त्या वहीपुढे मला काही समजावून सांगावे लागले नाही.

तिसऱ्या प्रयत्नात त्या उत्तीर्ण झाल्या. फोनवर मी विचारले, "या वेळी किती प्रश्नांवर अडलात?"

"दोन," त्या निवांतपणे म्हणाल्या. "ते मला येतच नव्हते."

'च' होता, पण योग्य जागी होता.