जागतिक बँकेच्या अध्यक्षांची जुनी कागदपत्रे गावात बसून पाहता येतात का?

आपण विचारले आहे की, जागतिक बँकेच्या जुन्या अध्यक्षांची पत्रे, टिपणे आणि दौऱ्यांचे कागद वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात राहणाऱ्या, कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माणसाला पाहता येतात का, आणि त्यांत आपल्या भागाविषयी काही सापडते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी हे कागद कसे ठेवले आहेत ते सांगावे लागेल, कारण बहुतेकांचा शोध तिथेच अडतो. मी अकोला जिल्ह्यात, खारपाण पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे कागद वाचत असतो.

बँकेचे अभिलेखागार वॉशिंग्टनला आहे. तेथे कागद विषयाप्रमाणे लावलेले नाहीत. ज्या कार्यालयात ते तयार झाले किंवा सांभाळले गेले, त्या कार्यालयाच्या नावाखाली ते ठेवलेले आहेत. तलाठ्याकडे शेताची हकीकत सांगून सातबारा मिळत नाही, गट क्रमांकच सांगावा लागतो. येथेही तसेच आहे. म्हणून ‘विदर्भ’ किंवा ‘कापूस’ असा शब्द टाकून शोधण्यापेक्षा हा कागद त्या काळी कोणाच्या टेबलावर असेल, असा विचार करावा. अध्यक्षांच्या कार्यालयाचा संग्रह एकेका अध्यक्षाप्रमाणे विभागलेला आहे: 1946 मधील युजीन मेयर, त्यांच्यानंतरचे जॉन मॅक्लॉय, 1949 ते 1962 या काळातले युजीन ब्लॅक, मग जॉर्ज वुड्स आणि 1968 ते 1981 अशी तेरा वर्षे अध्यक्ष राहिलेले रॉबर्ट मॅक्नामारा.

माझ्या मते आपण मॅक्नामारा यांच्या कागदांपासून सुरुवात करावी. त्यांच्या काळातील सदस्य देशांशी झालेला पत्रव्यवहार देशवार फायलींत आहे, भारताच्या स्वतंत्र फायली आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच फायलींच्या प्रती इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. एखादी फाइल उघडली की सुरुवातीला तिचे नाव, क्रमांक, कालावधी आणि ती खुली केल्याची नोंद असलेले पान येते. त्यानंतर मंत्र्यांची पत्रे, त्यांना दिलेल्या उत्तरांच्या टंकलिखित प्रती, भेटीत काय बोलणे झाले याची सहायकाने केलेली टिपणे आणि दौऱ्यापूर्वी अधिकाऱ्यांनी तयार करून दिलेली माहिती, असा मजकूर येत जातो. मधूनच एखादे पान लागते, ज्यावर मूळ कागद नसून तो काढून घेतल्याची सूचना असते: कागदाची तारीख, प्रकार, तो कोणी कोणाला लिहिला, विषय आणि कोणत्या कारणाने तो रोखला आहे. विद्यार्थी हे पान पटकन उलटतात. मी त्यांना थांबवतो. रोखलेल्या कागदाचे अस्तित्व, त्याची तारीख आणि त्यातील दोन्ही बाजू त्या एका पानावरून कळतात, आणि पुढे अर्ज करायचा झाल्यास हाच धागा हाती राहतो.

आता आपल्या भागाविषयी. अध्यक्षांच्या फायलींत आपले गाव किंवा तालुका सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नका. त्या पातळीवर अर्थमंत्री, परकीय चलन, धान्याची आयात, कर्जाची एकूण रक्कम असेच विषय येतात. 1973 च्या सप्टेंबरमध्ये नैरोबी येथे मॅक्नामारा यांनी लहान शेतकऱ्यांची उत्पादकता वाढवण्यावर भाषण केले आणि पुढे बँकेचे शेतीकडचे कर्ज वाढत गेले. त्या धोरणाची घडण अध्यक्षांच्या कागदांत दिसते, पण शेतात ते कसे उतरले हे प्रकल्पांच्या फायलींत पाहावे लागते. कृषी सहायकाने ठरलेल्या दिवशी गावात येण्याची ‘प्रशिक्षण व भेट’ योजना आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. तिच्यामागे बँकेचे पाठबळ होते. हल्लीचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प 2018 मध्ये बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जातून सुरू झाला, आणि त्यात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण गावांचाही समावेश आहे.

भारताला मिळालेले बँकेचे दुसरेच कर्ज मला विशेष वाटते. ऑगस्ट 1949 मध्ये रेल्वेसाठी 3 कोटी 40 लाख डॉलर मिळाले आणि पुढच्याच महिन्यात शेतीच्या यंत्रांसाठी 1 कोटी डॉलर. मध्य भारतात कांस गवताने पडीक पडलेली जमीन ट्रॅक्टरने खोल नांगरून लागवडीखाली आणायची, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. त्या वेळी आपला विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. ब्लॅक अध्यक्ष होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने होत आले होते. ज्याला या भागाचा इतिहास लिहायचा आहे, त्याने हे कर्ज नक्की अभ्यासावे.

जी फाइल इंटरनेटवर नाही, तिच्यासाठी अर्ज करता येतो. 1 जुलै 2010 पासून बँकेने माहिती खुली करण्याचे धोरण लागू केले असून अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही. अर्ज मिळाल्याची पोच पाच कामकाजी दिवसांत द्यायची आणि पूर्ण उत्तर वीस कामकाजी दिवसांत देण्याचा प्रयत्न करायचा, असे त्यात म्हटले आहे. जुन्या फायली मात्र आधी तपासाव्या लागतात, म्हणून वेळ अधिक लागू शकतो. माहिती नाकारली तर साठ दिवसांच्या आत अपील करता येते. कागदाच्या प्रकाराप्रमाणे तो पाच, दहा किंवा वीस वर्षांनी खुला होतो. व्यक्तिगत माहिती आणि वकिलांशी झालेला सल्लामसलतीचा व्यवहार यांसारखे काही कागद त्यानंतरही बंद राहतात. त्यामुळे 2023 पासून अध्यक्ष असलेल्या, पुण्याच्या खडकीत जन्मलेल्या अजय बंगा यांचे कागद आताच मागण्यात अर्थ नाही.

अध्यक्षांचे खाजगी कागद मात्र बँकेत नसतात. मेयर आणि मॅक्नामारा यांचे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत, मॅक्लॉय यांचे ॲमहर्स्ट महाविद्यालयात. तिकडे त्या संस्थांचे नियम लागतात.

आपल्या बाजूचा कागद विसरू नका, हे मी आग्रहाने सांगतो. बँकेच्या फाइलमध्ये बँकेचेच म्हणणे ठळक असते. आपल्या सरकारने मनात काय ठेवून होकार दिला, हे भारतीय टिपणीवरूनच कळते. माहितीचा अधिकार कायदा बँकेला लागू नाही, परंतु केंद्रीय अर्थ मंत्रालयाला आणि राज्याच्या कृषी विभागाला लागू आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची माहिती रोखण्याची कारणे त्या कायद्यातच बरीच कमी केलेली आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची इंटरनेटवर आहे, आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय नागपूरला आहे, जेथे वाशीमहून जाणे फार अवघड नाही.

अर्ज इंग्रजीत आणि नेमका लिहावा: अध्यक्षाचे नाव, साधारण वर्षे, सूचीत दिसलेले फायलीचे नाव व क्रमांक. एका अर्जात एकाच विषयाच्या फायली मागाव्यात. मसुदा तयार झाला की येथे टाका, मी वाचून सुचवीन.